दऱ्या, दर्या आणि बाइटांची उलटापालट

‘दऱ्या’ डोंगरांमधल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. कागदावर फरक एवढाच, की पहिल्यात अर्धा र आडवा होऊन य ला चिकटतो, दुसऱ्यात तो रफार होऊन डोक्यावर जातो. (‘दुसऱ्यात’मध्येही तोच आडवा र आहे.) संगणकात मात्र ‘दऱ्या’ तीन तऱ्हांनी साठवलेला मला आढळतो: युनिकोडमधला स्वतंत्र ऱ वापरून, साध्या र ला नुक्ता देऊन, किंवा र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. यूटीएफ-८ या पद्धतीत पहिल्याला १५ बाइट लागतात, उरलेल्या दोन्हींना १८.

सॉफ्टवेअर नीट चालते का, हे पाहायला प्रोग्रामर छोट्या चाचण्या लिहून ठेवतात: अमुक शब्द शोधला, तर तमुक ओळ सापडली पाहिजे. अशा चाचणीत बाइटच ताडून पाहिले, तर ‘दऱ्या’ला ‘दऱ्या’ सापडत नाही. मग कोणीतरी अदृश्य चिन्हे सरसकट गाळून टाकतो. पण तिसऱ्या तऱ्हेच्या ‘दऱ्या’चा आता ‘दर्या’ झालेला असतो! युनिकोडने ठरवलेले प्रमाणीकरण पहिल्या दोन तऱ्हा एक करते, तिसरीला हात लावत नाही. तिच्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागतो. शिवाय माझ्या मते मराठीच्या प्रत्येक शोधयंत्रात एक उलटी चाचणीही हवी: ‘दऱ्या’ शोधताना ‘दर्या’ सापडता कामा नये.

यूटीएफ-१६ मध्ये आणखी एक भानगड आहे. तिथे ऱ चा क्रमांक ०९३१ दोन बाइटांत मावतो. काही यंत्रे ०९ आधी लिहितात, काही ३१. उलटे वाचले, की ३१०९ होते आणि पडद्यावर तैवानमध्ये चिनी उच्चार दाखवण्यासाठी वापरतात त्या बोपोमोफो लिपीतले अक्षर उमटते. क (०९१५) तर थेट कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीत जातो. या दोन पंथांना डॅनी कोहेन यांनी १९८० साली स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधली नावे दिली. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून तिथे युद्ध होते.

आज बहुतेक यंत्रे धाकटा बाइट आधी ठेवतात. त्यामुळे क्रम गृहीत धरून लिहिलेली चाचणी लिहिणाऱ्याच्या टेबलावर बिनतक्रार पास होते. क्रम नाव घेऊन सांगावा, एकच शब्द दोन्ही क्रमांनी लिहून परत वाचावा आणि त्या शब्दात ऱ असावा. नुसत्या इंग्रजी अक्षरांवर चाचणी घेतली, तर क्रमाची चूक कदाचित पकडली जाईल. दऱ्यांचा समुद्र झालेला मात्र कोणाला कळणार नाही.