कणखर कणा (लेखांक ६) : दुखणं सरकतंय कुठे?

एमआरआयच्या रिपोर्टातली ‘डिस्क बल्ज’, ‘एल-फोर एल-फाइव्ह’ ही भाषा आपण मागच्या लेखात समजून घेतली. आता व्यायामाकडे वळू. फिजिओथेरपी सुरू झाली की बहुतेकांची तक्रार ठरलेली असते : “व्यायामानं कंबर जास्तच दुखायला लागली!” त्यावर लगेच व्यायाम सोडू नका. आधी पायातली कळ कुठवर जातेय ते बघा.

या प्रश्नामागे १९५६ सालचा एक किस्सा आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला. कंबरेतून निघालेली त्याची कळ गुडघ्यापर्यंत जायची. त्याला पालथं झोपायला सांगितलं, पण टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेलीच राहिली होती. काही मिनिटं तो तसाच, कंबर मागे वाकवून पडून राहिला. मॅकेंझींनी आत येऊन पाहिलं तर त्यांना धास्तीच वाटली. रुग्ण मात्र खूश होता, कारण पायातली कळ थांबली होती! पुढे मॅकेंझींनी याच निरीक्षणावर आपली उपचारपद्धती उभारली.

तिचं सूत्र सोपं आहे. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी व्यायाम लागू पडतोय. कळ खाली उतरू लागली किंवा पायाला मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

व्यायाम असा : सतरंजीवर दोन-तीन मिनिटं पालथं पडून राहा. मग कोपरांवर टेकून छाती उचला आणि तेवढाच वेळ थांबा. हे जमलं, की तळवे खांद्यांखाली ठेवून हात हळूहळू सरळ करा. ओटीपोट जमिनीलाच राहू द्या. एक-दोन सेकंद थांबून खाली या. असं दहा वेळा. दिसायला हे भुजंगासन, पण इथे पाठीचे स्नायू वापरायचे नाहीत. सगळा भार हातांवर, कंबर आणि नितंब एकदम सैल.

रात्रभरात डिस्क पाणी शोषून फुगते. म्हणून सकाळी उठल्याउठल्या वाकून केर काढणं किंवा बादली उचलणं तासभर तरी टाळा.

हा व्यायाम सरसकट सगळ्यांना चालत नाही. मज्जारज्जूची नळी अरुंद झालेल्या ज्येष्ठांना मागे वाकल्यावर त्रास वाढतो, पुढे वाकल्यावर बरं वाटतं. त्यामुळे पहिल्यांदा तपासणी करून घ्या, शेजाऱ्याचा व्यायाम उचलू नका.

आणि बसायच्या जागी किंवा जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.