सारथ्य आधीं, अश्वशक्ति मागून

ज्या घरांतील मुलगा किंवा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत अथवा इंग्लंडांत राहतो, त्या घरांतील वडील माणसांच्या कानांवर कधीं कधीं एक अपरिचित विषय येतो. मुलानें हौसेखातर एक जुनी, दोनच माणसें बसतील अशी, मिटत्या टपाची मोटार घेतलेली असते. आणि तिचा वेग व चपळाई वाढविण्यासाठीं तिच्यांत कोणते नवे भाग बसवावे, याचा त्यास ध्यास लागलेला असतो. हाताशीं असलेली रक्कम बेताची, आणि बाजारांत मोहांत पाडणाऱ्या वस्तु अगणित! "हा सगळा पोरखेळ आहे" असें म्हणून विषय झटकून टाकणें सोपें आहे. परंतु या पोरखेळांत मुलाची वर्षभराची शिल्लक गुंतलेली असते, आणि प्रसंगीं त्याचा जीवहि. म्हणून हा विषय वडील मंडळींनीं समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें.

उदाहरणादाखल आम्ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध मोटार घेतों. जपानांतील हिरोशिमा येथील माझदा कारखान्याची 'एमएक्स-५' ही ती मोटार; अमेरिकेंत ती 'मियाटा' या नांवानें ओळखली जाते. फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागो येथील मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, आणि एप्रिल २०१६ मध्यें दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यांतून बाहेर पडली. दोन बैठकींच्या उघड्या मोटारींत इतका खप दुसऱ्या कोणत्याहि मोटारीच्या वांट्यास आलेला नाहीं. आमच्याच घरांतील एका तरुणानें अमेरिकेंत ही मोटार घेतल्यामुळें तिच्याविषयीं वाचण्याची व विचारपूस करण्याची संधि आम्हांस मिळाली. पहिल्या अमेरिकन नमुन्याचें एंजिन अवघें १.६ लिटरचें व ११६ अश्वशक्तीचें. हें बळ आजच्या साध्या कौटुंबिक मोटारीपेक्षां फारसें अधिक नव्हे. मग ती इतकी लोकप्रिय कां झाली? तिचें वजन हजार किलोंच्या आसपास. एंजिन पुढें, पण त्याची शक्ति मागील चाकांस. पुढील व मागील चाकांवर भार जवळजवळ सारखा वांटलेला. तिच्या निर्मितीचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनीं आपल्या सहकाऱ्यांपुढें 'जिन्बा इत्ताई' हें जपानी सूत्र ठेविलें होतें. घोडा आणि स्वार यांनीं एकरूप होणें, असा त्याचा अर्थ.

हें सूत्र वाचतांच आम्हांस महाभारतांतील नलोपाख्यान आठवलें. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण राजास एका दिवसांत अयोध्येहून विदर्भास पोंचावयाचें होतें. बाहुक हें नांव धारण करून राहिलेल्या नळानें त्यासाठीं जे घोडे निवडले ते अंगानें कृश होते. हीं दुर्बळ जनावरें एवढी मजल कशी मारणार, अशी शंका राजानें घेतली. परंतु नळानें निवड केली होती ती लक्षणें पाहून, अंगावरील मांस पाहून नव्हे. पुढें वाटेंत राजाचें उत्तरीय खालीं पडलें. तें उचलण्यासाठीं रथ थांबवावा असें राजा म्हणतो, तों तें एक योजन मागें राहून गेलेलें! मोटारीच्या बाबतींतहि पुष्कळ तरुणांची दृष्टि ऋतुपर्णाचीच असते. अश्वशक्तीचा आंकडा वाढला कीं काम झालें, असें त्यांस वाटतें. आमचें मत असें कीं, रक्कम बेताची असेल तर प्रथम मोटार निरोगी करावी, मग तिची रस्त्यावरील पकड सुधारावी, मग चालविणाऱ्यास शिक्षण द्यावें. आणि एंजिनाचें बळ वाढविण्याचा विचार सर्वांत शेवटीं करावा.

तरुण मनुष्य पहिला हात घालतो तो बहुधा एंजिनासच. हवा आंत घेणारी नवी नळी व धूर बाहेर सोडणारा नवा सायलेन्सर, या दोन वस्तु तो आधीं विकत घेतो. अशा लहान एंजिनांत त्यांपासून मिळणारा लाभ थोड्याच अश्वशक्तींचा असतो. वाढतो तो मुख्यतः आवाज. ज्यास खरोखर मोठें बळ पाहिजे तो टर्बोचार्जरकडे वळतो. हें यंत्र एंजिनांत हवा दाबून भरतें व त्यामुळें अधिक इंधन जाळतां येतें. त्याचा संपूर्ण संच घ्यावयाचा तर कांहीं हजार डॉलर मोजावे लागतात, आणि खर्च तेथेंच थांबत नाहीं. वाढलेली उष्णता रेडिएटरास सोसवली पाहिजे, वाढलेली ओढ क्लचास पेलली पाहिजे, वाढलेला वेग ब्रेकांस आवरतां आला पाहिजे. खुद्द माझदा कारखान्यानें २००४ मध्यें अमेरिकेंत १७८ अश्वशक्तीची टर्बोयुक्त एमएक्स-५ विक्रीस आणली, तेव्हां तिच्या क्लचाकडे, शक्ति चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांकडे आणि स्प्रिंगांकडेहि त्यास लक्ष पुरवावें लागलें. जें कारखान्यास टळलें नाहीं तें हौशी तरुणास कसें टळेल? शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत, धुरावर परिणाम करणारे बाहेरचे भाग सरकारी मान्यतेवांचून बसवितां येत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां आम्हीं सांगितलेला क्रम पाहूं. पहिल्या पिढीच्या या मोटारी आतां तीस वर्षांच्या आसपास वयाच्या आहेत. तेव्हां पहिला खर्च औषधोपचाराचा. एंजिनांतील टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांनीं बदलावयाचा असतो. मागील मालकानें तो बदलल्याचा पुरावा नसेल तर बदलूनच घ्यावा. पाण्याच्या रबरी नळ्या, पट्टे, सांध्यांतील रबरी बुश हीं वयानें कडक होतात व चिरतात. टपावरील पावसाचें पाणी वाहून जाण्यासाठीं दारांच्या मागील बाजूस जीं छिद्रें असतात, तीं पाल्यापाचोळ्यानें बुजलीं म्हणजे पाणी आंत सांचतें आणि दाराखालील पत्रा आंतून गंजतो. हीं छिद्रें साफ करण्यास पैसा लागत नाहीं, पण न केल्यास पत्र्याच्या कामाचा खर्च फार मोठा येतो. १९९० च्या व १९९१ च्या आरंभींच्या मोटारींत क्रँकशाफ्टचें पुढील टोंक आंखूड असून तें झिजण्याची खोड आहे. माहितगार मिस्त्रीकडून तें पाहून घेतल्याशिवाय अशा मोटारींत दुसरा पैसा घालूं नये.

दुसरा क्रम टायरांचा. मोटार कितीहि बलवान् असो, तिचा भूमीशीं संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठिकाणींच. एंजिनाची ओढ, ब्रेकाचा रोध आणि वळणावरील तोल, हीं तिन्ही याच चार ठिकाणांतून भूमीपर्यंत पोंचतात. म्हणून टायर चांगले घातल्यानें तिन्ही गोष्टी एकदम सुधारतात. असा लाभ दुसऱ्या कोणत्याहि एका वस्तूपासून मिळत नाहीं. टायराच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. पैकीं पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात; २३१८ असें असल्यास तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कडक होतें. दहा वर्षांपलीकडील टायर कोणत्याहि वेगानें वापरूं नये. चाकें मोठीं करण्याचा मोह मात्र टाळावा. या मोटारीचीं मूळचीं १४ इंचांचीं चाकें हलकीं आहेत. त्यांजागीं मोठीं व जड चाकें बसविलीं कीं स्प्रिंगेखालील भार वाढतो, आणि चाक रस्त्यावरील उंचसखलपणा पूर्वीसारखा चटकन् अनुसरूं शकत नाहीं.

तिसरा क्रम ब्रेकांचा. वेग दुप्पट झाला म्हणजे गतीची ऊर्जा चौपट होते. ताशीं ५० किलोमीटरांनीं जाणारी मोटार थांबवितांना जी उष्णता ब्रेकांस गिळावी लागते, तिच्या चौपट उष्णता १०० किलोमीटरांच्या वेगास गिळावी लागते. ब्रेकाचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. 'डॉट ४' जातीचें नवें तेल २३० अंशांपर्यंत उकळतां कामा नये असा नियम आहे. ओलावा शोषलेल्या तेलास ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालील पेडल पोकळ लागून तळास जातें. म्हणून नवें तेल व चांगल्या प्रतीचे ब्रेक-पॅड, हा थोड्या खर्चांतील फार मोठा लाभ होय.

चौथा क्रम शॉक अ‍ॅब्सॉर्बरांचा व चाकांच्या अलाइनमेंटचा. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका हातांत धरून पिळून पाहावा; तो किती सहज वांकतो! वर छप्पर नसलेल्या मोटारीच्या सांगाड्याचीहि तीच गत. अशा सांगाड्यावर अतिशय कडक स्प्रिंगा बसविल्या तर चाकांऐवजीं सांगाडाच हलूं लागतो. थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून मध्यम कडकपणाचे घ्यावे, चाकांचे कोन जाणत्याकडून लावून घ्यावे. पैसे उरल्यास सांगाड्याखालीं आधाराच्या पट्ट्या बसवाव्या.

पांचवा क्रम सारथ्याचा. १९४४ मध्यें स्थापन झालेल्या 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेच्या शाखा मोकळ्या पटांगणांत शंकु मांडून, एका वेळीं एकच मोटार सोडून, घड्याळ लावून स्पर्धा घेतात. सार्वजनिक रस्त्यावर जें केलें असतां जिवावर बेतेल, तें येथें निर्भयपणें शिकतां येतें. अशा कांहीं दिवसांत तरुणास जो वेग साधतो, तो टर्बोचार्जर घेऊन साधेलच असें नाहीं. मात्र खऱ्या शर्यतीच्या मार्गावर उतरावयाचें असेल तर मोटार उलटल्यास डोकें वांचविणारी पोलादी कमान आधीं बसवावी. आणि तीच कमान शिरस्त्राण नसलेल्या डोक्यास इजा करूं शकते, म्हणून तिला जाड वेष्टण असावें.

आमच्या हिशेबानें हाताशीं १०० डॉलर असतील तर ३५ दुरुस्तीस, २५ टायरांस, १० ब्रेकांस, २० शॉक अ‍ॅब्सॉर्बर व अलाइनमेंट यांस आणि १० शिक्षणास द्यावे. रक्कम हजारांत असली तरी प्रमाण हेंच. पोलादी कमान घ्यावयाची झाल्यास तिच्यासाठीं वेगळी शिल्लक टाकावी. एंजिनाच्या वांट्यास या यादींत कांहींच आलें नाहीं, हें तरुण वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

आपल्या देशांत ही मोटार माझदा कारखान्यानें विक्रीस आणलेली नाहीं. तथापि येथें दुसऱ्या मोटारीवर असे प्रयोग करूं पाहणाऱ्यांनीं जाणून असावें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कांहीं अपवाद सोडतां, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. टायर, ब्रेकाचें तेल व उत्तम दुरुस्ती यांस मात्र कायद्याची आडकाठी नाहीं.

तेव्हां परदेशींच्या चिरंजीवांचा फोन येईल आणि नव्या टर्बोचार्जरची वार्ता निघेल, तर वडील मंडळींनीं रागावूं नये. टायर कोणत्या सालचे आहेत? ब्रेकाचें तेल केव्हां बदललें? मोटार चालविण्याचें शिक्षण कोणाकडून घेतलें? एवढे तीन प्रश्न शांतपणें विचारावे. तिन्हींचीं समाधानकारक उत्तरें मिळालीं, तर त्या मुलाची हौस योग्य वाटेवर आहे असें समजून त्यास आशीर्वाद द्यावा. न मिळालीं, तर पैसा प्रथम कोठें खर्च करावयाचा हें त्याचें त्यालाच उमजेल.