भाताला भट्टी का लागली नाही?

भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, वेळवंडीच्या खोऱ्यात दिवाळीच्या सुमारास गेलात, तर कापलेल्या भाताच्या ओळी खाचरात पसरलेल्या दिसतील. दोन-तीन दिवस ऊन खाल्ले की भारे बांधून खळ्यावर आणतात आणि झोडतात. तेवढ्यात परतीचा पाऊस आला, तर पसरलेल्या लोंब्यांनाच कोंब फुटतात.

असाच पेच जुन्या काळी स्कॉटलंडच्या शेतकऱ्यापुढे दर वर्षी असे. तिथे ओट आणि बार्ली हाती येते तेव्हा ऊन मंदावलेले, हवा दमट. ओला दाणा जात्यात चिकटतो, नीट दळला जात नाही. म्हणून कोठाराला लागूनच दगडी भट्टी बांधत. ऑर्कनी बेटांवर कोरिगॉलच्या शेती-संग्रहालयात अशी गोल भट्टी पाहायला मिळते. खाली एका बाजूला जाळ, तिथून बोळकांडीतून आत येणारी गरम हवा, आणि वर काठ्यांवर पेंढा अंथरून त्यावर धान्य. ठिणगीच्या भीतीने जाळ दूर ठेवत. तरीही पेंढा पेटून भट्ट्या जळतच.

मग चार महिने पाऊस झेलणाऱ्या भोरच्या मावळात भट्टी का नाही? एक तर गरवे भात पाऊस ओसरल्यावर पिकते. ऊन फुकट मिळते. पण खरे कारण दाण्यात आहे. ओटाचे पीठच करायचे असते, तांदूळ मात्र अखंड हवा. कापणीच्या वेळी दाण्यात साधारण २० ते २२ टक्के ओल असते, साठवायला ती १४ टक्क्यांच्या खाली यावी लागते. घाईने तापवले, तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि दाण्याला न दिसणारी चीर जाते. गिरणीत मग त्याची कणी होते. आंबेमोहर या बाबतीत फारच नाजूक. आणि कणीला तांदळाचा भाव कोण देणार?

वाळलेल्या दाण्यावर दव पडले तरी तो असाच तडकतो. म्हणून सांज झाली की भाताची रास करून झाकायची, हा जुन्या माणसांचा हट्ट. ओल किती उरली ते कळायला त्यांना यंत्र लागत नसे. दाणा दाताखाली धरायचा. ‘कट्ट’ वाजला तर कणगीत, नाही तर उद्या पुन्हा उन्हात.