इंजिनाचा निरोप्या बिघडला तर?

मुलांनो, मोटार घाट चढत असते. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, पण गाडी जोर घेत नाही. उलट हिसके मारते आणि भर वळणावर बंद पडते. मागून मालट्रक येत असला तर केवढा धोका! टाकीत पेट्रोल आहे, प्लगही नवे आहेत. मग गाडी अडली कशाने? पुष्कळदा दोष काड्यापेटीएवढ्या एका भागात असतो. त्याचे नाव थ्रॉटल पोझिशन सेन्सर. नाव लांबलचक आहे, पण काम निरोप्याचे.

पूर्वीच्या मोटारींना कार्बोरेटर असे. १९८३ साली आलेली पहिली मारुती ८०० अशीच होती. कार्बोरेटरमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेई. पुढे फ्युएल इंजेक्शन आले. आता पेट्रोल किती फवारायचे हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. पण त्याला डोळे कुठे आहेत? हवेच्या वाटेवरची झडप किती उघडली, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे ना? ते हा सेन्सर सांगतो.

तो कसा सांगतो? रेडिओचा आवाज कमीजास्त करायचे बटण तुम्ही फिरवले असेल. त्याच्या आत कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून एक लहान पाते सरकते. सेन्सरमध्येही तसेच असते. झडपेच्या दांड्याबरोबर पाते फिरते. सेन्सरला तीन तारा असतात. एकीतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थची आणि तिसरी निरोपाची. झडप मिटलेली असताना निरोपाच्या तारेवर साधारण ०.५ व्होल्ट मिळतात. पूर्ण उघडली की साधारण ४.५ व्होल्ट. गाडीगाडीप्रमाणे आकडे थोडे बदलतात.

गाडी जास्त वेळ कमी रेसवर चालते. म्हणून पट्टीचा तेवढाच भाग घासून झिजतो. पाते तिथे आले की निरोप तुटतो. संगणकाला वाटते झडप मिटली, आणि तो पेट्रोल कमी करतो. झाले! गाडी हिसका मारते. आयडलिंग वरखाली होते, आणि समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

दिवा लागला म्हणून लगेच नवा सेन्सर आणायचा नाही, बरे का! स्कॅनरवर ‘पी ०१२२’ आले, तर निरोपाच्या तारेवर व्होल्ट फार कमी आहेत एवढाच त्याचा अर्थ. तार उंदरानेही कुरतडलेली असेल, किंवा पावसाने कनेक्टर गंजला असेल. म्हणून चांगला मिस्त्री आधी मोजतो, मग बदलतो.

तो असे मोजतो. इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करतो. ५ व्होल्ट येतात का, अर्थ नीट आहे का, हे मल्टिमीटरने पाहतो. ते येत नसतील तर सेन्सरचा काय दोष? ते ठीक असले, तर मीटर निरोपाच्या तारेवर लावून झडप हळूहळू उघडतो. आकडा सावकाश चढत गेला पाहिजे. मध्येच पडला किंवा उडी मारली, तर पट्टी झिजली असे समजावे. काट्याचा जुना मीटर असला तर काटा थरथरताना छान दिसतो.

आता बदलणे. इंजिन थंड होऊ देतात. बॅटरीची उणे तार काढतात. कनेक्टर खटका दाबून काढतात, तारांना धरून ओढत नाहीत. दोन स्क्रू काढले की सेन्सर हातात येतो. नवा सेन्सर दांड्यावर बसवून, जरासा फिरवून भोके जुळवतात. स्क्रू आधी सैलच ठेवतात.

का सैल? कारण खरे काम पुढेच आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत सेन्सरची भोके लांबट असतात. बॅटरी जोडून, चावी ‘ऑन’ करून, झडप मिटलेली ठेवून सेन्सर किंचित फिरवतात. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा मीटरवर आला की स्क्रू आवळतात. आवळताना सेन्सर सरकतो, म्हणून पुन्हा मोजतात. मग झडप पूर्ण उघडूनही पाहतात. आकडा जमत नाही म्हणून झडपेचाच स्क्रू पिळणे चूक. त्याने हवेचे माप बिघडते.

एवढी काटेकोरी कशाला? हिशेब करू. ०.५ पासून ४.५ पर्यंत अंतर ४ व्होल्टचे. मिटलेल्या झडपेला ०.५ ऐवजी ०.९ आले तर फरक ०.४, म्हणजे दहावा भाग. झडप मिटलेली असून संगणकाला ती दहा टक्के उघडी वाटते! मग तो आयडलिंग कसे सांभाळणार? नवा सेन्सर घालूनही गाडी तशीच राहते, आणि मालक म्हणतो, पैसे पाण्यात गेले.

काही गाड्यांत भोके गोल असतात. तिथे सेन्सर फिरवता येत नाही, मिटलेल्या झडपेचे माप संगणक स्वतःच शिकतो. अगदी नव्या गाड्यांत झडप विजेच्या मोटरने हलते आणि तिला दोन निरोपे असतात. दोघांचे जुळले नाही तर संगणक गाडीचा जोर कमी करतो. अशा झडपेत बोट घालू नये. ती अचानक मिटते. ते काम स्कॅनर असलेल्या गॅरेजचे.

मुलांनो, बॉनेट तुम्ही उघडू नका. मिस्त्रीकाका काम करत असतील तेव्हा लांब उभे राहून मीटरचा आकडा तेवढा वाचा.

विचार करा : वरच्या हिशेबातल्या गाडीत मीटर १.५ व्होल्ट दाखवतो. झडप किती टक्के उघडी आहे? उत्तर वहीत लिहून बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.