पाय टेकतात का?

1986 सालची गोष्ट. मी तेव्हा कोकणातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एका दूधवाल्याचा राजदूतसाठी कर्जाचा अर्ज टेबलावर होता. कोटेशन, मार्जिन, जामीनदार, सगळं जागच्या जागी. पण सहीची वेळ आली तसा गडी अडला. ‘‘साहेब, दोन्ही बाजूला भरलेल्या किटल्या लावून आधी बसून बघतो. पाय टेकले तर घेतो.’’ मला हसू आलं. माझ्याकडे येझदी होती, गिअरचीच दांडी उलटी फिरवून किक मारायची ती. आणि वय पंचविशीचं. पाय टेकवायला नव्हे, पाय उचलायलाच गाडी घ्यायची असते, असा माझा समज होता.

हे आठवायचं कारण म्हणजे निवृत्तीनंतर मी स्वतःच गाडी घ्यायला निघालो. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, जुन्या शाखांची गावं बघायची, आणि मागे सौ. असायला हवी, हा बेत कित्येक वर्षांचा. मुलींची शिक्षणं, बदल्या, मग हिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, अशानं तो लांबला होता. आता ही ‘येते’ म्हणाली होती. ती पुन्हा कधी म्हणेल याची खात्री नव्हती.

लडाखचे फोटो बघून बघून माझं मन उंच गाड्यांवर बसलं होतं. एका मित्राकडे तसली होती. एका रविवारी त्याच्या सोसायटीच्या आवारात आम्ही दोघं तिच्यावर बसलो. हिला मागे चढायलाच दोन मिनिटं लागली. मी गाडी सरळ केली, तर माझे फक्त चवडे टेकत होते. फरशी किंचित उतरती होती. गाडी डावीकडे कलली आणि थांबली नाही. ‘पडली’ म्हणण्याइतकीही वेगानं नाही. दुपारी आजोबा आडवे होतात तशी आडवी झाली. ही कशीबशी बाजूला झाली. पाऊल मुरगळलं, तेही डावं. गुडघा बचावला. दोनशे किलोंची ती गाडी उचलायला वॉचमनला बोलवावं लागलं.

घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, ‘‘अहो, गाडी तुमची, पाय माझा.’’

त्या रात्री मी बँकेतल्या सवयीनं कागद घेतला आणि वर लिहिलं : कर्जाचा उद्देश. कुठं जायचंय? खारदुंगला नाही. कोकणात. तिथं गाडीची परीक्षा वेगात होत नाही, थांबण्यात होते. जंगलजेटीचा शेवाळलेला उतार, घाटात अचानक समोर आलेली एसटी, देवळापुढचा जांभ्याचा चढ. अशा जागी दोन्ही तळवे पूर्ण टेकले नाहीत तर इंजिनाची ताकद काय कामाची?

म्हणून यादीत पहिला रकाना सीटच्या उंचीचा. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर 350ची उंची 765 मिलिमीटर. साहसी म्हणवणाऱ्या बऱ्याच गाड्या 800च्या पुढे असतात. कागदावर हा फरक चार-सहा सेंटिमीटरचा. साठीतल्या माणसाला तो टाचेपासून चवड्यापर्यंतचा. मीटिअरचं वजन 191 किलो, म्हणजे हलकी मुळीच नाही, पण ते वजन खाली बसलेलं आहे. टाकी 15 लिटरची. दोघं आणि सामान धरून लिटरला तीस मिळाले, तरी साडेचारशे किलोमीटरची चिंता मिटली. मिश्रधातूच्या चाकांना ट्यूबलेस टायर, म्हणजे पंक्चर झालं तर चाक न काढता दोरी भरून पुढे जाता येतं. ताकद वीस अश्वशक्तीची. आम्हाला पुष्कळ. महामार्गावर शंभराच्या पुढे सुसाट जायचं असेल त्यांनी दुसरं काही बघावं.

एक जुना दिलासा मात्र गेला. पूर्वी गावचा मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारायचा आणि गाडी चालू व्हायची. 2020मध्ये बीएस-6 आल्यावर मोटारसायकलींत इंधनाचा हिशेब इलेक्ट्रॉनिक झाला. तिथं फुंकर चालत नाही. तेव्हा वाटेत सर्व्हिस सेंटर कुठं आहेत, हे आधीच बघून ठेवावं. एबीएस मात्र हवंच. पावसाळी घाटात चाक न घसरता ब्रेक लागणं काय असतं, हे येझदीवर कुंभार्ली उतरलेल्याला विचारा.

शोरूममध्ये मी हिला घेऊन गेलो. विक्रेता रंग दाखवत होता. ही पाय टाकून चढून-उतरून बघत होती. तीनदा. मग पाठीला टेकू बसवून घेतला. मी गाडी उचलायचंही शिकलो : पाठ सीटला लावायची, गुडघ्यात वाकायचं, एका हातानं हॅण्डल, दुसऱ्यानं मागची कडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकायचं. कंबरेनं उचलायला जाऊ नये. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते.

माघात निघालो. बागमांडल्याला ओहोटी होती, त्यामुळं जेटीचा उतार जास्तच तिरपा. मागे ट्रक, पुढे टेम्पो. आमच्या काळात अशी जेटी नव्हती. दाभोळ-धोपावेची 2003 साली सुरू झाली. तेव्हा नदीपाशी आलं की माणसं लाँचमध्ये आणि गाडी किनाऱ्यावरच.

मी हिला म्हटलं, ‘‘तू उतरून चालत ये.’’

‘‘पाय टेकतायत ना?’’

‘‘टेकतायत.’’

‘‘मग चला. तो माणूस हात करतोय.’’