एकच रक्त?

गेल्या भीमजयंतीला वडप्यात रक्तदान शिबिर होते. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांत माल चढवणारे हमाल रांगेत उभे, आणि मागे फलक: ‘आम्हां सर्वांचे रक्त एकच’. एकाने मला हटकले, “साहेब, रक्त एकच, तर मग एवढ्या तपासण्या कशाला?” रक्तपेढीत २० वर्षे नळ्या हलवणाऱ्या मला उत्तर देणे भाग होते. फलक आपल्याच चळवळीचा. पण प्रयोगशाळेत तो टिकत नाही.

तांबड्या पेशींवर ‘ए’, ‘बी’ अशी द्रव्ये असतात. जे द्रव्य माझ्या पेशींवर नाही, त्याच्या विरोधी प्रतिपिंडे माझ्या रक्तद्रवात असतात. चुकीचे रक्त चढले की ती त्या पेशी फोडतात. माणूस दगावू शकतो. म्हणून तपासणी दोन्ही बाजूंनी करायची: आधी पेशींची, मग रक्तद्रवाची. शिबिरात थेंब टाकून गट सांगतात ती अर्धीच तपासणी. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की पेशी पाहता ते ‘ओ’ दिसे, पण त्याचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करी. ‘ओ’ पेशींवर भरपूर असणारे ‘एच’ द्रव्यच त्या माणसांत नव्हते. हाच तो ‘बॉम्बे’ रक्तगट. त्याला ‘बॉम्बे’चेच रक्त लागते.

काही प्रतिपिंडे मात्र पेशींना चिकटतात, पण गुठळी करीत नाहीत. वारंवार रक्त घेणारी थॅलेसेमियाची मुले, अनेक बाळंतपणे झालेल्या बाया, यांच्यात अशी सापडतात. त्यांच्यासाठी १९४५ साली इंग्लंडात कूम्ब्स, मौरंट आणि रेस यांनी युक्ती मांडली. रक्तद्रव व पेशी ३७ अंशांवर एकत्र ठेवायच्या, मग पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या, नि मानवी प्रतिपिंडाला पकडणारे द्रव्य घालायचे. धुण्यात आळस केला तर उरलेला रक्तद्रव ते द्रव्य खाऊन टाकतो आणि नळी खोटे बोलते. हे धुणे कंटाळवाणे आहे, पण त्यावर जीव टांगलेला असतो.

आता जातीचा सवाल. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आले, तरच ‘बॉम्बे’ गट होतो. नात्यातल्या नात्यात लग्ने होत राहिली की हा योग वाढतो. सजातीय विवाह हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडले. जातीने रक्त शुद्ध राखले नाही, नुसते कोंडले. प्रतिपिंड मात्र आडनाव विचारीत नाही. ‘बॉम्बे’ गटाच्या ब्राह्मणाला सख्ख्या भावाचे ‘ओ’ रक्त मारील, आणि ‘बॉम्बे’ गटाच्याच मातंगाचे तारील.

“माझं कार्डही ‘ओ’ म्हणतं,” हमाल म्हणाला, “खरं कशावरून?” दुसऱ्या दिवशी पेढीत त्याच्या रक्तद्रवात मी ‘ओ’ पेशी घातल्या. नळी फिरवली, हलवली. पेशी मोकळ्याच राहिल्या. मग त्याच्या पिशवीवर ‘ओ’ची चिठ्ठी लावली.