चेहरा लांबट आहे? हिजाब, चष्मा आणि दाढी अशी निवडा

घरात रिश्त्याची बोलणी सुरू झाली की मुलीचा, आणि हल्ली मुलाचाही, फोटो मोबाईलवरून हातोहात फिरतो. मग एखादी खाला सहज बोलून जाते, "पोरगी छान आहे, पण चेहरा जरा लांब वाटतो." बोलणारी विसरून जाते. ऐकणारी मात्र पुढे कित्येक वर्षं आरशासमोर तेच शोधत राहते. आमचं म्हणणं एवढंच, की लांबट चेहरा हा दोष नाही, तो एक आकार आहे. तो आहे त्याहून लांब दिसत असेल, तर बहुतेक वेळा ओढणी कशी बांधली, चष्मा कोणता घेतला आणि फोटो किती जवळून काढला, हे आधी तपासावं.

आधी मोजून बघा

लोकांच्या बोलण्यावर जाऊ नका, मोजा. केस मागे बांधा, आरशासमोर सरळ उभे राहा, एक डोळा मिटा आणि साबणाच्या तुकड्याने आरशावरच चेहऱ्याची कड रेखा. डोकं हलू देऊ नका. आरशावरची आकृती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी येते, त्यात काही चुकलेलं नाही. आपल्याला फक्त प्रमाण हवं आहे. आता पट्टीने कपाळाची, गालांची आणि जबड्याची रुंदी मोजा, आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी मोजा. तिन्ही रुंद्या जवळपास सारख्या असतील आणि लांबी रुंदीच्या साधारण दीडपट किंवा जास्त असेल, तर चेहरा आयताकृती, म्हणजे आपल्या भाषेत लांबट. हनुवटीकडे निमुळता होत गेला तर तो अंडाकृती. त्याला खालचे सगळे नियम लागू नाहीत.

तत्त्व एकच लक्षात ठेवा: उभ्या रेषा लांबी वाढवतात, आडव्या रेषा ती तोडतात.

हिजाब बांधताना

लांबट चेहऱ्यावर सर्वात जास्त बिघडतं ते तीन गोष्टींमुळे: डोक्यावर उंच अंबाडा, गालांवर घट्ट ओढलेलं कापड आणि कपाळावर टोकदार त्रिकोण. तिन्ही मिळून चेहऱ्याला वर-खाली ताणतात.

त्याऐवजी अंबाडा खाली, मानेजवळ बांधा. आतली टोपी थोडी पुढे घ्या, म्हणजे कपाळाचा वरचा भाग झाकला जाईल आणि कपाळावर आडवी रेषा येईल. कानांच्या बाजूला कापड जरा सैल सोडा. ती फुगीरता गालांना रुंदी देते. हनुवटीखाली कापड नीट बसवा आणि समोरचा पदर सरळ खाली लोंबत सोडण्याऐवजी छातीवरून आडवा नेऊन खांद्यावर पिन करा. छातीही झाकली जाते आणि उभी रेषाही मोडते.

कापडाचंही तसंच. शिफॉन, जॉर्जेट घसरून चेहऱ्याला चिकटतात. सुती किंवा क्रेप कापड दिलेला आकार धरून ठेवतं. त्यासाठी महागडा सेट घ्यायची गरज नाही, घरातली ओढणीही चालते. आणि पिना इतक्या घट्ट लावू नका की संध्याकाळी डोकं दुखेल.

चष्मा

लांबट चेहऱ्याला बारीक, आडव्या पट्टीसारखी फ्रेम घेऊ नका. वर-खाली उंच असलेली, कडा किंचित गोलसर फ्रेम घ्या. ती चेहऱ्याच्या मधली जागा भरते. रुंदीला फ्रेम चेहऱ्याइतकी असावी. फ्रेमच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे छापलेले असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा चांगला बसत असेल तर त्याचे आकडे टिपून दुकानात जा. आणि भगिनींनो, फ्रेम घालून बघताना रोजचा हिजाब घालूनच बघा. आतल्या टोपीवर काडी दाबली जाते की नाही, हे तिथेच कळतं.

मुलांसाठी

बाजूचे केस पूर्ण उतरवून वर उंच तुरा ठेवायची सध्या फॅशन आहे. लांबट चेहऱ्यावर ती सर्वात वाईट दिसते, कारण रुंदी जाते आणि उंची वाढते. बाजूला केस राहू द्या, वर कमी ठेवा. दाढीचंही तसंच: फक्त हनुवटीवर टोकदार दाढी चेहरा आणखी खाली ओढते. ज्यांना मूठभर दाढी ठेवायची आहे, त्यांनी लांबीला हात लावायची गरज नाही. गालांवरची दाढी बारीक करू नका, ती भरलेली राहिली की लांबी तोलली जाते. टोपी उंच भिंतीची नको. डोक्याला बसणारी जाळीची गोल टोपी बरी दिसते.

दुल्हनचे दागिने

लांब रानीहार आणि लोंबते झुमके दोन्ही एकत्र घालू नका. गळ्यालगतचा गुलुबंद किंवा ठुशी चेहऱ्याखाली आडवी रेषा देते. कपाळावर मधोमध लांब टीका घेण्यापेक्षा बाजूला लावायचा झूमर चेहऱ्याला रुंदी देतो.

फोटो काढताना

हे सर्वात महत्त्वाचं. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि चेहरा अरुंद, म्हणून लांब दिसतो. तो कॅमेऱ्याच्या जवळीकीचा परिणाम आहे. रिश्त्यासाठी फोटो हवा असेल तर घरातल्या कोणाला तरी दीड-दोन मीटर लांब उभं करा, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि थोडं झूम करा. पासपोर्टच्या फोटोची गोष्ट वेगळी. तिथे धार्मिक कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंत आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसाव्या लागतात. तेव्हा त्या दिवशी टोपी मागे घ्या.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. सेल्फी बघून कोणाच्या मुलीबद्दल मत बनवू नका, आणि आपल्या मुलीला तिच्या चेहऱ्याबद्दल लोक काय म्हणाले ते घरी येऊन सांगू नका. सांगायचंच असेल तर सांगा, "बेटा, अंबाडा जरा खाली बांध." एवढं तिला आज करता येतं.